रेषेखालचा मजकूर

सेर्राल्ता, २० सप्टेंबर १३२३

त्या सकाळी मी आधी पीठ भिजवलं, मग कोंबड्या सोडल्या आणि चुलीपाशी बसून रुज्जेरोच्या नव्या बुटांना डुकराची चरबी चोळायला घेतली. उबाल्दोदादा, कसं झालं ते कळव असा तुझा निरोप आला, म्हणून तिथपासूनच सांगते. त्याच्या आधीचं सांगण्यासारखं काही नाही. बारा वर्षांतल्या कुठल्याही सकाळसारखीच ती सकाळ होती.

चरबी चोळून झाल्यावर मी टेबलाशी पीठ मळायला उभी राहिले. टेबलाच्या पलीकडे तो बसला होता आणि रोजच्यासारखी स्तोत्रं मोठ्यानं वाचत होता. रात्री डोंगरावर वादळ झालं होतं. वाचता वाचता थांबून तो म्हणाला, "पुलाला ओंडके अडकले असतील. बूट दे."

मी म्हटलं, "चरबी अजून मुरली नाही. आज जुनेच घाल."

तो म्हणाला, "तुझ्या राज्यात बुटांनासुद्धा सुट्टी मिळते. मलाच तेवढी नाही."

जुन्या बुटांचे तळवे गुळगुळीत झाले होते. ओंडका ढकलायला तो पुलाच्या खांबावर उतरला. दुपारी चौघांनी त्याला घरी आणला, तेव्हा पाव भट्टीतून निघाला होता. फियोरेला वाटलं, बाबा भिजून आलेत. ती कोरडा टॉवेल घेऊन धावली. आठ वर्षांची आहे, दादा. तिला काय सांगावं ते मला सुचेना, म्हणून आम्ही दोघींनी मिळून त्याचे केस पुसले.

नवे बूट चुलीपाशीच आहेत. चरबी आता मुरली.

पुलावरून आपल्या दोन घराण्यांनी एकमेकांची माणसं मारली आणि तो वैरभाव मिटावा म्हणून बाबांनी मला पंधराव्या वर्षी याच पुलावरून इकडे पाठवलं. तेव्हा मी रडत आले होते. आता इथून कुणी मला हलवू नये एवढंच वाटतं. रुज्जेरोचं मृत्युपत्र शहरात नोटरीकडे आहे. त्यावर साक्षीदार म्हणून तू होतास. माझ्यासाठी आणि फियोरेसाठी त्यानं काय लिहून ठेवलंय, ते कळव.

तुझी बहीण,
इमिलिया

---

कास्तेल्वेक्यो, २ ऑक्टोबर

आदरणीय पाद्री बेने,

माझ्या बहिणीला खालील मजकूर वाचून दाखवावा.

लिया, तुझं पत्र कारकुनानं वाचलं आणि मला उठून खिडकीशी जावं लागलं. रुज्जेरो शत्रूच्या घरचा होता, पण माणूस सरळ होता. माझ्याशी पैज लावून हरायचा आणि हरल्यावर हसायचा. असे लोक थोडे असतात.

तू विचारलंस म्हणून सांगतो. मृत्युपत्रात तुझ्यासाठी विशेष काही नाही. चर्चला मेणबत्त्या, नोकरांना कपडे, असं नेहमीचंच. तू काळजी करू नकोस. तुला माहेर आहे. रिवाजाप्रमाणे आपल्या घरच्या बायका येतील, तुझ्या डोक्यावरचं काळं वस्त्र उतरवतील आणि तुला सन्मानानं घरी आणतील. संत मार्टिनच्या दिवशी, ११ नोव्हेंबरला, आम्ही येतो. तुझ्या खोलीच्या खिडकीबाहेरचं अंजिराचं झाड अजून आहे.

तुझा दादा

पाद्रीबुवा, इथपर्यंत वाचून दाखवा. या रेषेखालचं तिला वाचून दाखवू नका.

________

मृत्युपत्रात रुज्जेरोनं मुलीला वारस केलंय आणि इमिलियाला मुलीची पालक व घराची मालकीण. पण दोन महिन्यांच्या आत तिनं न्यायाधीशासमोर जाऊन ते स्वीकारलं पाहिजे. नाही स्वीकारलं, तर पालकत्व मुलीच्या जवळच्या पुरुष नातेवाइकाकडे येतं. रुज्जेरोला भाऊ नाही. म्हणजे माझ्याकडे. मुदत संत मार्टिनच्या दिवशी संपते, म्हणून मी त्याच दिवशी येतोय.

इमिलियाचं लग्न मी मोंतेफोस्कोच्या सरदाराशी ठरवलंय. वय साठ आहे आणि तीन बायका गेल्या आहेत हे मला माहीत आहे. पण तो माझ्या उत्तर सीमेवर तीनशे भाले घेऊन बसलाय आणि नातं जुळल्याशिवाय उठणार नाही. मुलीला संन्यासिनींच्या मठात ठेवू. ती लहान आहे, रुळेल. पूल माझ्याकडे राहील.

इमिलिया हळवी आहे. तिला आधी कळलं तर रडून गोंधळ घालेल. घोड्यावर बसली की सांगू.

---

सेर्राल्ता, ८ ऑक्टोबर
(पाद्री बेने यांच्या नावानं, अक्षर इमिलियाचं)

सरदार उबाल्दो यांस,

आपलं पत्र खेचरवाला नुतो यानं सुखरूप पोचवलं. रेषेखालचं एकही अक्षर इथे कुणी मोठ्यानं वाचलेलं नाही, याची खात्री असावी.

बाईसाहेब शांत आहेत. दिवसभर चेस्टनट वेचण्याच्या कामावर देखरेख करतात. अंजिराच्या झाडाचं ऐकून त्यांचे डोळे भरून आले. त्या म्हणाल्या, "दादाला आठवतंय, मी त्या झाडावरून पडले तेव्हा त्यानं सगळ्यांना सांगितलं होतं, मीच ढकललं म्हणून. बाबांचा मार त्यानं खाल्ला."

एक शंका आहे. समजा, उद्या कुणी बाईसाहेबांच्या कानात मृत्युपत्राबद्दल काही घातलं आणि त्या स्वतःच न्यायाधीशाकडे निघाल्या, तर मी त्यांना कसं थांबवू? मी म्हातारा आहे, त्या तरुण आहेत आणि त्यांचं खेचर माझ्यापेक्षा जोरात चालतं.

---

कास्तेल्वेक्यो, १९ ऑक्टोबर

आदरणीय पाद्री बेने,

ती अंजिराची गोष्ट तिला अजून आठवते हे वाचून बरं वाटलं. वाईटही वाटलं. ते राहू दे.

________

तुमची शंका फुकट आहे. तिला थांबवायची गरजच नाही. जाऊ दे तिला शहरात! न्यायाधीशासमोर बाईनं एकटीनं केलेला कुठलाही करार आपल्याकडे कायद्यात टिकत नाही. तिच्या शेजारी पुरुष-पालक उभा असावा लागतो आणि त्यानं "मान्य आहे" म्हणावं लागतं. बाप गेला, नवरा गेला. उरलो मी. आणि मी त्या दिवशी शहरात नसेन.

मी वाईट माणूस नाही, पाद्रीबुवा. मोंतेफोस्कोला नाही म्हटलं तर वसंतात माझी गावं जळतील. एका बहिणीच्या रडण्यावर तीस गावं वाचत असतील, तर कुठल्या सरदारानं दुसरं काही केलं असतं? बाबांनी तेच केलं होतं. आणि बघा, ती सुखी झालीच ना?

---

सेर्राल्ता, २६ ऑक्टोबर

दादा,

संत मार्टिनच्या दिवशी जरूर या. तेस्साआत्यालाही घेऊन ये. बारा वर्षांत तिला पाहिलं नाही. तिच्यासाठी चेस्टनटच्या पिठाचा केक करीन आणि नवी वाइन त्याच दिवशी उघडू.

माझ्यासाठी घोडा आणणार असशील तर शांत घोडी आण. अंगणात खूप माणसं असतील.

इमिलिया

---

कास्तेल्वेक्यो, १३ नोव्हेंबर

इमिलिया,

हे पत्र पाद्रीबुवांना नाही. कारण तुझ्या अंगणात मला कळलं की पाद्री बेने दोन वर्षांपासून ठार आंधळे आहेत! त्यांनी माझ्या घोड्यालाच आशीर्वाद दिला आणि म्हणाले, "सरदारसाहेब, तुम्ही अंगानं भरलात." माझी माणसं हसली. घोडा फुरफुरला, तेव्हा पाद्रीबुवांना कळलं.

मग माझी पत्रं कोण वाचत होतं? मला उत्तरं कोण लिहीत होतं?

तू पायरीवर उभी राहिलीस, काळं वस्त्र डोक्यावरून जराही न हलवता. न्यायाधीशाचा कागद उघडलास आणि स्वतः, स्वतःच्या तोंडानं, माझ्या चाळीस स्वारांसमोर तो वाचलास. पालक आणि घराची मालकीण! मी कागद हिसकावून घेतला. शिक्का खरा होता. शेवटी माझ्या कारकुनाला पुढे बोलावून सगळ्यांदेखत वाचायला लावावं लागलं आणि त्यानंही तेच वाचलं. बिचाऱ्याला आवाज बारीक कसा ठेवावा तेही सुचत नव्हतं.

तेस्साआत्याला मी म्हटलं, "सांग तिला, घराण्याची अब्रू जाते आहे." तर ती तोंडात केकचा तुकडा असताना म्हणते, "बाळा, तुझ्या आजोबांनी मला दोनदा घोड्यावर बसवून दोन घरी पाठवलं. मला कुणी कागद वाचायला शिकवलं असतं, तर मी पहिल्याच घरी राहिले असते. ते लोक बरे होते." आणि परत निघताना तुझ्यासाठी आणलेल्या घोडीवर तीच चढून बसली. म्हणाली, रिकामी कशाला न्यायची, माझे गुडघे दुखतात. वाटेतल्या प्रत्येक गावानं पाहिलं की सरदार उबाल्दो विधवा बहीण आणायला गेला आणि म्हातारी आत्या घेऊन आला, तीही जाताना सोबत असलेलीच.

मला तीन गोष्टी कळव. तुला वाचायला कुणी शिकवलं? तुझा पुरुष-पालक म्हणून कोण उभा राहिला? आणि मोंतेफोस्कोला मी आता काय तोंड दाखवू?

उबाल्दो

---

सेर्राल्ता, १६ नोव्हेंबर

दादा,

कारकूनबुवा हे तुला वाचून दाखवत असतील. कारकूनबुवा, मी कुठेही रेष मारलेली नाही. सगळं वाचा. आणि अंगणात तुम्ही फार छान वाचलंत.

मला कुणी शिकवलं नाही. लग्नानंतर पहिलं वर्षभर रुज्जेरो आणि मी एकमेकांशी धड बोललोच नाही. त्याच्या काकाला आपल्या माणसांनी मारलेलं, आपल्या काकाला त्याच्या माणसांनी. काय बोलणार? तो सकाळी स्तोत्रं वाचायचा आणि मी समोर पीठ मळायचे. शब्द मला लहानपणापासून पाठ होते. त्याचं बोट कुठल्या खुणेवर असताना कुठला शब्द येतो, एवढंच मी पाहत राहिले. दुसऱ्या वर्षी एकदा त्यानं एक ओळ गाळली. मी म्हटलं, "मधली राहिली." त्यानं वर पाहिलं. त्या दिवशी पीठ फुगून परातीबाहेर आलं तरी आमचं बोलणं संपलं नाही.

पण मी टेबलाच्या अलीकडून शिकले, त्यामुळे मला अक्षरं आधी उलटी वाचता आली. सुलटी नंतर, महिनाभरानं. तो पुस्तक माझ्याकडे फिरवायचा आणि मी परत त्याच्याकडे फिरवायचे. फार हसायचा. लिहायला मी मग पिठातच बोटानं गिरवत शिकले.

रेषेखालचं मी वाचलं ते सुलटंच. ती रात्र मी फियोरेच्या अंथरुणाशी बसून काढली. तुझा राग आला. त्याहून जास्त भीती वाटली. तुला ठाऊक आहे, मठात गेलेली मुलगी आईला वर्षातून एकदा जाळीतून दिसते.

पुरुष-पालकाचं तूच सांगितलंस. तुझं ते पत्र वाचून मी रुज्जेरोची कागदांची पेटी उघडली. त्यात माझ्या सासूबाईंचा एक जुना दस्त होता. त्यात लिहिलं होतं की त्यांचा पुरुष-पालक म्हणून "दारात मेणबत्त्या विकत उभा असलेला ब्रुनेत्तो" याला न्यायाधीशांनी नेमलं. मी ते चार वेळा वाचलं. मेणबत्तीवाला! म्हणजे कायद्याला पुरुष हवा असतो. भाऊच हवा, असं कायदा म्हणत नाही. ज्याला बाई मागेल तो. तुझ्यासारख्या मोठ्या लोकांनी कधी भावाशिवाय दुसरा उभाच केला नाही, त्यामुळे तुम्हाला वाटत राहिलं की तोच नियम आहे.

पाच नोव्हेंबरला मी फियोरेला घेऊन शहरात गेले. सोबत नुतो होता, तुझी पत्रं आणणारा खेचरवाला. त्याच्यावर चिडू नकोस. तो तुझाही नाही आणि माझाही नाही. पूल ज्याला ओलांडायचा आहे त्या सगळ्यांचा आहे. वाटेत मी त्याला विचारलं, "नुतो, एका दिवसापुरता माझा पालक होशील?"

तो म्हणाला, "बाईसाहेब, मला माझं खेचरसुद्धा जुमानत नाही."

"तुला काही करायचं नाही. उभं राहायचं आणि विचारलं की 'मान्य आहे' म्हणायचं."

"उभं राहायला येतं," तो म्हणाला. "दुसरं पाठ करतो."

आणि शहर येईपर्यंत आठ मैल तो खेचराच्या कानात "मान्य आहे, मान्य आहे" म्हणत चालला. फियोरे खेचराच्या पाठीवर बसून त्याची परीक्षा घेत होती. बाबा गेल्यावर ती पहिल्यांदा हसली ती तिथे.

न्यायाधीश म्हातारे आहेत. त्यांनी नुतोच्या चिखलभरल्या पायांकडे पाहिलं आणि विचारलं, "हा पालक?" मी सासूबाईंचा दस्त पुढे केला. त्यांनी तो वाचला, दाढी खाजवली आणि म्हणाले, "ब्रुनेत्तोपेक्षा हा उंच आहे. लिहा."

नोटरी टेबलाच्या पलीकडे बसून लिहायला लागला. मी अलीकडे उभी होते. दादा, तो माझ्याकडे न पाहता, सवयीनं भराभर लिहीत होता: इमिलिया, दिवंगत रुज्जेरोची विधवा, तिच्या भावाच्या, सरदार उबाल्दोच्या, संमतीनं...

मी म्हटलं, "थांबा. ते नाव खोडा."

तो म्हणाला, "कुठलं नाव?"

"तिसऱ्या ओळीतलं. माझ्या भावाचं. माझा भाऊ इथे नाही. इथे नुतो आहे."

नोटरीनं कागद पाहिला. मग मला पाहिलं. मग कागद माझ्या बाजूनं कसा दिसतो ते पाहायला मान वाकडी केली. न्यायाधीश खुर्चीतून अर्धे उठले. तेवढ्यात नुतोला वाटलं की त्याची वेळ आली. छाती फुगवून तो ओरडला, "मान्य आहे!"

न्यायाधीश इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. पण नाव खोडलं गेलं. तू कागद हिसकावलास ना, त्यावर तिसऱ्या ओळीत ती खोडलेली जागा आहे. तू पाहिली नसशील. तू कागद उलटा धरला होतास. माझ्या बाजूनं तो बरोबर दिसत होता, आणि तसा नसता तरी मला चाललं असतं.

आता तिसरा प्रश्न. मोंतेफोस्कोला सांग की बहीण द्यायला नाही, कारण ती आधीच दिलेली आहे. बाबांनी मला या पुलावर तह म्हणून बसवलं. तो तह रुज्जेरोबरोबर मेला नाही. मी इथे आहे तोवर तुझ्या दक्षिणेला एकही भाला उभा करावा लागणार नाही. दक्षिणेची सगळी माणसं काढ आणि उत्तरेला ने. मी इथून साठ धनुर्धारी पाठवते. वसंताच्या आत पोचतील. ही विनंती नाही. सेर्राल्ताच्या मालकिणीचं वचन आहे, आणि यावर माझा शिक्का आहे. मोजून पाहा: लग्नातून तुला मिळणार होतं त्याहून हे जास्त आहे. आणि कुणाला रडावं लागत नाही.

आणखी एक. तू लिहिलंस, बाबांनी मला दिलं तरी मी सुखी झाले. झाले, दादा. पण ते बाबांनी केलं नाही. ते आम्ही दोघांनी केलं, रोज सकाळी थोडं थोडं, पिठाच्या टेबलाशी. तेवढं सुख एका माणसाला पुरतं. मला पुन्हा नको.

नाताळात ये. चाळीस स्वार नकोत, तू आणि आत्या या. फियोरे तुला ओळखते ती सरदार म्हणून नाही, आईच्या वाटचा मार खाणारा मामा म्हणून. ती गोष्ट ती रोज ऐकते. तिला खरा मामा दाखव.

तुम्ही गेलात त्या संध्याकाळी अंगण झाडलं, वाइनची पिंपं झाकली आणि चुलीपाशी बसले. बूट तिथेच होते. मी रोज त्यांना चरबी लावत होते. पुन्हा पुन्हा, कारण दुसरं काय करावं ते कळत नव्हतं. त्या रात्री लावली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पीठ भिजवलं, कोंबड्या सोडल्या, नुतोला आत बोलावलं आणि रुज्जेरोचे नवे बूट त्याला दिले.

इमिलिया